आतडं तुटणे, इंग्रजीत

'बॉवेल' हा शब्द आपल्याला भेटतो तो पोटाच्या डॉक्टरांकडे. पण त्याचं मूळ स्वयंपाकघरात आहे! लॅटिनमध्ये 'बोटुलुस' म्हणजे सॉसेज, आणि छोटं सॉसेज म्हणजे 'बोटेल्लुस'. जुन्या फ्रेंचमध्ये त्याचं 'बोएल' झालं आणि तिथून ते इंग्रजीत आलं. सॉसेज आतड्यात भरतात हे ठीक, पण इथे आतड्यालाच सॉसेजचं नाव मिळालंय. बोट्युलिझम आणि बोटॉक्स हेही याच 'बोटुलुस'चे वंशज. असो.

खरी गंमत पुढे आहे. ग्रीक बायबलमधल्या 'स्प्लांख्ना'चा अर्थ आतडी, आणि करुणासुद्धा. १६११च्या किंग जेम्स भाषांतरात अनेक ठिकाणी सरळ 'बॉवेल्स' असंच घातलं. आजच्या इंग्रजांना याचं हसू येतं. आपल्याला येऊ नये, कारण पोरासाठी आईचं आतडं आपल्याकडे अजूनही तुटतं.

हा अर्थ डोक्यात ठेवून ऑलिव्हर क्रॉमवेलचं पत्र वाचायला हवं. १६४९ साली इंग्लंडने राजा पहिला चार्ल्स याचा शिरच्छेद केला, तर स्कॉटलंडने त्याच्या मुलाला राजा म्हणून जाहीर केलं. क्रॉमवेल फौज घेऊन तिकडे घुसला आणि ३ ऑगस्ट १६५० रोजी त्याने स्कॉटिश चर्चला लिहिलं, ख्रिस्ताच्या आतड्यांची आण घालून विनवतो, तुमचं चुकत असेल ही शक्यता तरी धरा. चर्चचं उत्तर साधारण असं, की आम्ही आमच्या धर्माबद्दलच शंका घ्यावी म्हणता की काय?

बरोबर एक महिन्याने, ३ सप्टेंबरला, डनबारला लढाई झाली. स्कॉटिश सैन्याचा धुव्वा उडाला. हजारो कैद्यांना चालवत डरहॅमला नेलं, तिथल्या कॅथीड्रलमध्ये कोंडलं. भूक आणि रोगाने ते पटापट मेले. २०१३ साली तिथे बांधकाम करताना त्यांच्यातल्या काहींचे सांगाडे सापडले.

संख्याशास्त्रज्ञ डेनिस लिंडली यांनी या पत्रावरून एका नियमाला 'क्रॉमवेलचा नियम' असं नाव दिलं. जे तर्कानेच खरं किंवा खोटं ठरत नाही, त्याची शक्यता आधीच शून्य किंवा एक धरू नका. शून्याला कितीही पुराव्याने गुणलं तरी शून्यच, बेझचं सूत्रही तिथे हात टेकतं. स्पॅम फिल्टर लिहिणाऱ्यांना हे पाठ असतं. खुद्द क्रॉमवेलने मात्र डनबारच्या दुसऱ्याच दिवशी पार्लमेंटला कळवलं, की हा विजय म्हणजे देवाचीच कृपा.