हजेरी आणि अंगठा

गडहिंग्लज हा कोल्हापूर संस्थानातील एक पेटा. त्याचा इतिहास लिहिताना लढाया आठवतात. हजेरी सहसा कोणी आठवीत नाही. संस्थानात महार, मांग, रामोशी, बेरड या जातींच्या माणसांना सरकारी हजेरी द्यावी लागे. गुन्हा शाबीत झाला म्हणून नव्हे, त्या जातीत जन्म झाला म्हणून! १९१८ साली शाहू छत्रपतींनी ही हजेरी बंद केली.

हिरण्यकेशीच्या काठाने खाली संकेश्वरकडे गेले की इंग्रजी मुलूख लागे. तिथे वारा उलटा होता. १८७१ चा गुन्हेगार जमातींचा कायदा १९११ साली नव्याने झाला आणि नोंदलेल्या माणसाच्या बोटांचे ठसे घेण्याचा अधिकार सरकारला मिळाला. ठसे लावून ठेवण्याची विद्या तोवर कलकत्त्यात सिद्ध झाली होती. कष्ट अझीझुल हक आणि हेमचंद्र बोस यांचे. नाव चालले हेन्रीसाहेबांचे. तो कायदा १९५२ साली गेला.

पोलिसांनी ठसे घेऊच नयेत, असे आम्ही म्हणत नाही. मुंबई राज्य विरुद्ध काठी कालू ओघड या खटल्यात १९६१ साली सर्वोच्च न्यायालयाच्या अकरा न्यायमूर्तींपुढे हाच प्रश्न आला. ठसा देणे म्हणजे स्वतःविरुद्ध साक्ष देणे नव्हे, असा निर्णय झाला. आम्हांस तो पटतो. कारण तेथे आरोप एका माणसावर, एका कृत्याचा असतो.

आधारची गोष्ट निराळी. २९ सप्टेंबर २०१० रोजी नंदुरबार जिल्ह्यातील टेंभली गावी पहिले क्रमांक दिले गेले. तेथे संशय कोणावरच नव्हता, पण बोट सर्वांचे हवे होते. ऊसतोडीने घासलेल्या बोटाची रेघ यंत्राला पटत नाही, आणि धान्य अडते ते त्या बोटाच्या धन्याचे. २०१७ साली नऊ न्यायमूर्तींनी खाजगीपणा हा मूलभूत हक्क ठरविला. त्यात हात घालावयाचा तर कायदा हवा, रास्त हेतू हवा आणि हेतूच्या मानानेच बंधन हवे. या कसोटीवर १९११ ची नोंदवही एक दिवसही टिकली नसती.

२०२२ च्या कायद्याला मात्र आम्ही ही कसोटी पुन्हा लावून पाहू. अटक झालेल्याच्या बोटांबरोबर डोळ्यांच्या बुबुळांचीही नोंद त्यात घेता येते, आणि ती पंचाहत्तर वर्षे ठेवता येते. पूर्वी शिक्षा न झालेला माणूस निर्दोष सुटला तर नोंद पुसावयाची आहे. पण लेखी कारणे देऊन ती तशीच ठेवण्याचा हुकूम न्यायालय देऊ शकते.