अर्ध्यावर राहिलेला डाव

मंडळी, आपल्याकडे कोल्हापुराकडच्या माणसाला फुटबॉल म्हणजे काय ते सांगावे लागत नाही. तिथे पेठेपेठेची तालीम आणि तालमीतालमीचा संघ. संघ जिंकला तर सगळी पेठ जिंकली, हरला तर त्या रात्री घरात कुणाला जेवण गोड लागत नाही. हे चित्र डोळ्यांपुढे ठेवा, म्हणजे आज मी जी हकिगत सांगणार आहे ती दूरची वाटणार नाही. हकिगत स्कॉटलंडमधल्या एडिंबरो शहराची, आणि साल १९१४.

त्या शहरात ‘हार्ट ऑफ मिडलोदियन’ नावाचा फुटबॉल क्लब आहे. लोक त्याला लाडाने नुसते ‘हार्ट्स’ म्हणतात. १८७४ साली तो निघाला. पोशाख डाळिंबी रंगाचा आणि मैदानाचे नाव टाइनकासल. आजूबाजूची वस्ती कष्टकऱ्यांची. आठवडाभर राबायचे आणि शनिवारी दुपारी सामन्याला जायचे, असा त्यांचा क्रम. क्लबने १८९५ आणि १८९७ साली स्कॉटलंडचे अजिंक्यपद मिळवले होते; त्यानंतर ते हाती लागले नव्हते. पण १९१४ सालचा संघ काही वेगळाच होता. जॉन मॅकार्टनी नावाच्या व्यवस्थापकाने तरुण पोरे हेरून, पारखून तो बांधला होता.

आता तारखा बघा. ४ ऑगस्ट १९१४ रोजी ब्रिटनने जर्मनीविरुद्ध युद्ध पुकारले. त्यानंतर अकराच दिवसांनी, १५ ऑगस्टला, स्कॉटलंडचा फुटबॉलचा मोसम सुरू झाला. पहिल्याच सामन्यात हार्ट्सने सेल्टिक या ग्लासगोच्या बलाढ्य संघाला २-० असे हरवले. हाच सेल्टिक आदल्या मोसमाचा विजेता. मग एकामागून एक सामने जिंकत पोरांनी पहिले आठही खिशात घातले. यंदा चषक आपलाच, असे जो तो म्हणू लागला.

तुम्ही म्हणाल, युद्ध पेटले असताना हे लोक चेंडू कसले खेळत होते? प्रश्न रास्त आहे, आणि त्या वेळी तिथेही तो विचारला गेला. पण दोन गोष्टी ध्यानात घ्या. पहिली म्हणजे, लढाई नाताळापर्यंत आटोपेल, असे पुष्कळांना वाटत होते. दुसरी म्हणजे, हे खेळाडू पगारी होते. मोसमाचे करार झालेले, त्यावर घर चाललेले. क्रिकेट आणि रग्बीवाल्यांनी खेळ बंद केला, पण त्यांच्यातले बरेचसे हौशी आणि खाऊनपिऊन सुखी होते. फुटबॉल हा गरिबाचा खेळ, म्हणून बोलही त्यालाच जास्त लागले.

त्या काळी ब्रिटनमध्ये सक्तीची सैन्यभरती नव्हती. तो कायदा आला १९१६ साली. तोवर जो जाईल तो आपखुशीने. पण ही आपखुशी कशी असते, ते आपल्याला ठाऊक आहे. आपल्याकडे भित्र्याला बांगड्यांचा आहेर करतात ना, तशी तिकडे पांढरे पीस देण्याची रीत निघाली. सैन्याच्या पोशाखात नसलेला तरुण रस्त्यात दिसला की बायका त्याच्या हाती पांढरे पीस ठेवीत. नोव्हेंबर १९१४ मध्ये एडिंबरोच्या एका वर्तमानपत्रात ‘सैनिकाची मुलगी’ अशा सहीने एक पत्र छापून आले. हार्ट्सने आता आपल्या नावात ‘पांढरी पिसे’ हे शब्द घालावेत, असा त्यातला टोमणा होता. जो संघ सर्वांच्या पुढे, त्यालाच नेम धरून हा बाण मारलेला.

त्याच सुमारास सर जॉर्ज मॅक्रे यांनी शहरातून एक नवी पलटण उभारायचे मनावर घेतले. हे गृहस्थ कापडाच्या व्यापारात वर आलेले, पुढे पार्लमेंटचे सभासदही झालेले. मी स्वतः तुमच्याबरोबर येईन, असे त्यांनी लोकांना सांगितले. २५ नोव्हेंबर १९१४ रोजी हार्ट्सच्या अकरा खेळाडूंनी या पलटणीत नावे घातली. अकरा म्हणजे मैदानावर उतरतो तेवढा अख्खा संघ! मागोमाग आणखी काही गेले. हायबर्नियन, फॉलकर्क, रेथ रोव्हर्स अशा संघांतलेही खेळाडू आले, आणि त्यांच्या पाठोपाठ शेकडो प्रेक्षक. ज्यांच्या नावाने शनिवारी घसा कोरडा करायचा त्यांच्याच शेजारी उभे राहून आता कवाईत करायची! रॉयल स्कॉट्स रेजिमेंटची ही सोळावी पलटण; लोक तिला मॅक्रेची पलटण म्हणत.

मोसम मात्र चालूच राहिला. पलटण अजून एडिंबरोतच होती. पोरे आठवडाभर कवाईत करायची, रात्री-अपरात्री मैलोगणती चालायची, रोगप्रतिबंधक सुया टोचून घ्यायची, आणि शनिवारी डाळिंबी सदरा घालून मैदानात उतरायची. दिवसभर नांगर ओढलेल्या बैलाला संध्याकाळी शर्यतीला जुंपावे, तसेच हे झाले. तरीही बराच काळ त्यांनी पहिली जागा सोडली नाही. टॉम ग्रेसी या त्यांच्या पुढच्या फळीतल्या खेळाडूने त्या मोसमात लीगमध्ये २९ गोल केले. त्या वर्षी याहून अधिक कुणी केले नाहीत. पण एप्रिल १९१५ उजाडला आणि पाय जड झाले. अखेरचे सामने हातचे गेले. अडतीस सामन्यांअंती सेल्टिकचे ६५ गुण झाले आणि हार्ट्सचे ६१. चार गुणांनी चषक हुकला.

इथे सेल्टिकला दूषण देण्याचे कारण नाही. त्यांचाही पीटर जॉनस्टन हा नावाजलेला खेळाडू पुढे १९१७ साली लढाईत पडला. युद्धाने कोणत्याच संघाला वगळले नाही.

पुढची हकिगत थोडक्यात सांगतो, कारण ती लांबवून सांगण्यासारखी नाही. जेम्स स्पीडी मॅक्रेच्या पलटणीआधीच दुसऱ्या पलटणीत गेला होता. तो २५ सप्टेंबर १९१५ रोजी लूसच्या लढाईत पडला. टॉम ग्रेसीला रक्ताचा कर्करोग झाला होता. महिन्याभरानेच, २३ ऑक्टोबरला, त्याने ग्लासगोत प्राण सोडला. १९१६ च्या आरंभी मॅक्रेची पलटण फ्रान्सला पोचली. १ जुलै १९१६ रोजी सोम नदीच्या खोऱ्यात मोठी चढाई झाली. त्या एका दिवसात ब्रिटिश फौजेची १९,००० हून अधिक माणसे मेली. त्यांत हार्ट्सचे तिघे होते: हॅरी वॅटी, डंकन करी आणि अर्नी एलिस. ऑगस्टात जेम्स बॉइड गेला आणि एप्रिल १९१७ मध्ये जॉन अ‍ॅलन. एकंदर सात. जे परतले त्यांतले काही विषारी वायूने छाती पोखरलेले, काही पायाने अधू.

मित्रांनी, शेजाऱ्यांनी एकाच पलटणीत जावे, ही कल्पना भरतीच्या दिवशी फार गोड वाटली होती. धीर येतो, सोबत असते. पण लढाईच्या दिवशी तीच उलटली. तोफेने एक कंपनी कापली की इकडे एकाच गल्लीत, एकाच आठवड्यात, दारोदार तारा आणि पत्रे. सगळी अंडी एका टोपलीत ठेवली की टोपली पडल्यावर काय होते, ते घरच्या बाईला विचारा.

हार्ट्सने ९ एप्रिल १९२२ रोजी हेमार्केट चौकात घड्याळाचे स्मारक उभारले. २००४ साली फ्रान्समधल्या काँतालमेझाँ गावी, जिथे पलटण लढली तिथे, दगडी स्मारकही झाले. हुकलेले अजिंक्यपद क्लबला मिळाले ते १९५८ साली, म्हणजे तब्बल ४३ वर्षांनी. वॅटीच्या वयाची पोरे तोवर आजोबा झाली असती.

आता गुरुजी, तुम्हाला एक विनंती. ही गोष्ट परक्यांची म्हणून सोडून देऊ नका. त्याच युद्धात आपली मराठा पलटणीतली माणसे मेसोपोटेमियात लढली. १९१६ च्या एप्रिलात कूत येथे पुणे डिव्हिजन शरण गेली, तीत मराठे पुष्कळ होते. साताऱ्याकडे, कोकणात कितीतरी गावांत चावडीजवळ किंवा देवळाच्या भिंतीत एक शिळा दिसते. या गावातून १९१४ ते १९१९ च्या महायुद्धात इतके गेले, त्यांतले इतके कामास आले, एवढाच तिच्यावर मजकूर. एडिंबरोच्या पोरांची नावे, जागा, गोल सगळे लिहून राहिले, कारण ती शनिवारी हजारो डोळ्यांसमोर खेळत. आपल्या शिळेवर बहुधा नुसते आकडे आहेत.

तेही कुस्ती खेळत असतील, बैल पळवत असतील, कुणाचा तरी डाव अर्ध्यावर राहिला असेल. तुमच्या गावी अशी शिळा असेल तर एखाद्या दुपारी मुलांना तिच्यापाशी न्या. घरोघरी विचारायला सांगा, आपल्यातले कोण गेले होते, काय नाव, परत आले का. म्हाताऱ्या माणसांच्या तोंडी अजून काही उरले असेल. जितकी नावे मिळतील तितकी शाळेच्या वहीत उतरवून ठेवा. आकड्याला नाव मिळाले, की तो पुन्हा माणूस होतो.