तीक्ष्ण, तेज आणि तितिक्षा : वस्तऱ्याच्या धारेविषयी

कोयत्याची धार आणि वस्तऱ्याची धार यांना मराठीत आपण एकाच शब्दाने संबोधतो. कोयत्याने केवळ कापायचे असते. वस्तऱ्याने कापायचेही असते आणि न कापायचेही. केस जावा, पण ज्या कातडीतून तो उगवला ती राहावी, अशी ही दुहेरी अट आहे. तीक्ष्णता म्हणजे काय, हा प्रश्न वस्तऱ्याच्या बाबतीत अवघड होतो तो याच ठिकाणी.

शब्दांकडे पाहिले तर 'वस्तरा' फारसीतून आला आणि 'हजामत' या शब्दाचे नाते तुंबडी लावून रक्त काढण्याच्या अरबी 'हिजामा'शी आहे. (संस्कृतातल्या 'क्षुरा'चे कूळ 'सुरी' होऊन आपल्या स्वयंपाकघरात गेले.) धारेचा विचार मात्र जुन्या धातूंतच सापडतो. 'शो' या धातूचा धातुपाठातला अर्थ तनूकरण, म्हणजे पातळ करणे. 'निशित' त्यापासून झाला, आणि आपली 'सहाण' ज्या 'शाण'वरून आली तोही त्याच कुळातला. दुसरा धातू 'तिज्'. 'तीक्ष्ण' आणि 'तेज' हे शब्द त्याचे. परंतु 'तितिक्षा', म्हणजे सोसण्याची वृत्ती, हाही त्याचाच. धार आणि सोसणे एकाच धातूत नांदावे, हा निव्वळ योगायोग असेलही. वस्तऱ्यापुरता तरी तो आम्हांस फार अर्थपूर्ण वाटतो.

कारण नुसते तनूकरण इथे पुरत नाही. दगडावर वस्तरा आडवा ठेवला की त्याची जाड पाठ आणि धार दोन्ही दगडाला टेकतात. कोन कोणता राखायचा हे पाठीच्या जाडीनेच ठरवून दिलेले असते. दगडावर धार पुढे ठेवून पाते सरकवायचे, चामड्याच्या पट्ट्यावर मात्र पाठ पुढे आणि धार मागे. दगडावर घासणे लांबले की काठावर पोलादाची लवलवती कड उभी राहते. तीही केस कापते, पण वाकते, तुटते आणि गालावर ओरखडत जाते. नवशिक्याला ती तीक्ष्णता वाटते. जाणता कारागीर अंगठ्याच्या नखावर पाते अलगद ओढून तिची खरखर ओळखतो आणि पट्ट्यावर ती निववतो. बरे, केस पोलादापेक्षा सुमारे 50 पटींनी मऊ, तरी तो धार मोडतो. 2020 साली 'सायन्स' या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीच्या संशोधनाने त्याचे कारण दाखवले: धार नुसती झिजत नाही, केस तिरपा पडला की पोलादाची घडण जिथे विषम आहे तिथे कडेचे सूक्ष्म टवके उडतात. उरला तो पाण्याचा भाग. भिजलेला केस नरम होतो, हे 'बिनपाण्याने हजामत' या वाक्प्रचाराने केव्हाच सांगून ठेवले आहे. त्यातला जाच वस्तऱ्याचा नव्हे, पाणी नसण्याचा आहे.

साहित्याने मात्र यातले पातळपण तेवढे उचलले. कठोपनिषदातली क्षुराची धार ही चालण्यास दुष्कर अशा वाटेची उपमा आहे. तिथे पाऊल आहे, गाल नाही. गालाची बाजू आली ती संतांकडे. परभणी जिल्ह्यातले गंगाखेड हे जनाबाईंचे गाव. त्यांच्या नावावरील अभंगांत सेना न्हाव्याची कथा येते: विठ्ठल सेनाचे रूप घेऊन, काखेत धोकटी मारून राजाकडे जातो. महिपतींनी 1762 च्या 'भक्तविजया'त ती विस्ताराने सांगितली. (राजा बेदरचा की बांधवगडचा, हा वाद इथे बाजूस ठेवू.) या कथेत राजाला तेलाच्या वाटीत देवाचे रूप दिसते, हा चमत्कार सर्वांच्या लक्षात राहतो. आम्हांस अधिक मोलाचे वाटते ते हे, की राजाला त्या सेवेची गोडी लागते आणि तोच न्हावी पुन्हा हवासा वाटतो. देव आला आहे याची पहिली खूण डोळ्यांना नव्हे, कातडीला पटते. स्वतः सेनांनीही आपल्या व्यवसायावरील रूपकात विवेकाचा आरसा केला आणि वैराग्याचा चिमटा.

पण सुखाची हजामत धारेवर आणि हातावरच ठरते असे मानले, तर 1890 सालच्या मुंबईचा अर्थ लागत नाही. नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने तिथल्या न्हाव्यांनी विधवांचे केशवपन न करण्याचा निर्धार केला. वस्तरे तेच होते, सहाणेवरून तसेच उतरलेले, हातही तेच सराईत. ज्या डोक्यावर तो वस्तरा फिरत होता त्याची संमती तेवढी नव्हती, आणि ही गोष्ट प्रथम मोठ्याने बोलली ती शास्त्र्यांच्या सभेत नव्हे, धोकटीवाल्यांच्या सभेत. त्याच शतकात गावगाड्यातला बलुतेदार न्हावी अस्पृश्य ठरवलेल्यांच्या दाढीला हात लावत नव्हता. एकीकडे नको असताना फिरलेला वस्तरा आणि दुसरीकडे हवा असताना नाकारलेला, हे दोन्ही शेजारी ठेवूनच विद्यार्थ्यांनी सेनांचे अभंग वाचावेत, असा आमचा आग्रह आहे.