जबड्यात हाड भरल्यावर टाके का उसवतात?

दात काढला की तिथलं जबड्याचं हाड झिजू लागतं. पुढे इम्प्लांट बसवायचं ठरलं, तर स्क्रू धरायला पुरेसं हाड उरलेलं नसतं. अशा वेळी डॉक्टर तिथे हाडाचे बारीक कण भरतात, वर पातळ पडदा अंथरतात आणि हिरडी ओढून टाके घालतात. हेच बोन ग्राफ्टिंग.

भरलेले कण म्हणजे नुसता सांगाडा. त्यात रक्तवाहिन्या शिरून नवं हाड तयार व्हायला साधारण ४ ते ६ महिने लागतात. तोवर भिस्त वरच्या हिरडीवर. ती उघडली, की तोंडातले जंतू थेट आत पोहोचतात.

हिरडी उघडण्याचं मोठं कारण म्हणजे ताण. झाकायचा भाग मोठा आणि हिरडी तोकडी असेल, तर घट्ट घातलेला टाकाही मांस कापत सुटतो. बुलढाण्यासह विदर्भात इथे खर्रा आडवा येतो. सुपारीमुळे गालाची आतली बाजू कडक होते, तोंड पुरतं उघडत नाही. तंबाखूतलं निकोटिन रक्तवाहिन्या आकसवतं, मग जखमेला रक्त कमी पडतं. गुटख्यावर राज्यात २०१२ पासून बंदी आहे. टपरीवरचा घोटलेला खर्रा मात्र थांबलेला नाही. ताब्यात नसलेला मधुमेहही जखम रेंगाळवतो. हाडं ठिसूळ होण्यावरची किंवा कॅन्सरमधली झोलेड्रॉनिक अॅसिडसारखी इंजेक्शनं घेतली असतील, तर ते आधीच सांगायला हवं. त्यात जबड्याचं हाड मरण्याचा धोका असतो.

पहिले २-३ दिवस सूज वाढते, थुंकीत एखाददुसरा कणही येतो. यात घाबरण्यासारखं काही नाही. तिसऱ्या दिवसानंतरही सूज वाढतेय, पू येतोय, तोंडाला घाण चव आहे किंवा ताप आलाय, तर डॉक्टरांना लगेच दाखवावं. पांढरा पडदा दिसू लागला तर तो ओढू नये. जखम थोडीच उघडली असेल, तर औषधी गुळण्या आणि देखरेखीवर अनेकदा भरते. आत जंतुसंसर्ग झाला, तर भरलेलं हाड काढावं लागू शकतं आणि पुन्हा काही महिने थांबणं आलं.

अडचण अंतराची आहे. नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर इथली शासकीय दंत महाविद्यालयं जिल्ह्याबाहेर. लोणार किंवा संग्रामपूरहून तिथे गेलेल्या रुग्णाला टाके काढायला ७ ते १४ दिवसांत पुन्हा प्रवास करावा लागतो. जखमेचा फोटो डॉक्टरांना पाठवून विचारता येतं. पण सूज मानेकडे सरकली, गिळताना किंवा श्वास घेताना त्रास होऊ लागला, तर फोटो काढत बसू नये. जवळचं मोठं रुग्णालय गाठावं.