कोलोनोस्कोपीतील गुंगी व भूल

मोठ्या आतड्याची दुर्बिणीने तपासणी करताना रुग्णाला त्रास होऊ नये म्हणून शिरेतून औषधे देण्याची पद्धत. गुदद्वारातून लवचीक नळी आत सरकवताना आतडे हवेने किंवा कार्बन डायऑक्साइडने फुगवतात. वळणांवर ते ताणले जाते आणि पोटात कळ येते. पॉलिप (अस्तरावरील गाठ) कापताना मात्र सहसा दुखत नाही, कारण आतड्याच्या अस्तराला कापल्याची वेदना कळत नाही.

प्रकार : सौम्य गुंगीत मिडॅझोलॅम व फेंटानिल ही औषधे वापरतात. तपासणी करणाऱ्या डॉक्टरांच्या देखरेखीखाली परिचारिका ती देते. रुग्ण झोपाळलेला असला तरी हाकेला ओ देतो. गुंगी जास्त झाल्यास फ्लुमॅझेनिल व नॅलॉक्सोन हे उतारे उपलब्ध आहेत. गाढ गुंगीसाठी प्रोपोफॉल हे दुधासारखे पांढरे औषध देतात. त्याने मिनिटभरात झोप लागते आणि औषध थांबवल्यावर रुग्ण लवकर शुद्धीवर येतो. मात्र त्यावर उतारा नाही. श्वास मंदावू किंवा थांबू शकतो आणि रक्तदाब उतरतो. पशुवैद्यक जॉन ग्लेन यांना या औषधाच्या शोधासाठी 2018चा लास्कर पुरस्कार मिळाला. अमेरिकेत 1989मध्ये त्याला मान्यता मिळाली. तेथील अधिकृत सूचनेनुसार पूर्ण भूल देण्याचे प्रशिक्षण घेतलेल्या आणि प्रत्यक्ष तपासणीत न गुंतलेल्या व्यक्तीनेच ते द्यावयाचे असते. त्यामुळे तेथे प्रोपोफॉलबरोबर बहुधा भूलतज्ज्ञ किंवा भूल-परिचारिका येते आणि तिचे वेगळे बिलही येते.

खर्च : अमेरिकेत 2016अखेरपर्यंत सौम्य गुंगीचे शुल्क तपासणीच्या शुल्कातच धरलेले असे. भूलतज्ज्ञ किंवा भूल-परिचारिकेने दिलेल्या भूलसेवेची आकारणी निराळी असते : प्रक्रियेचे ठरावीक एकक आणि दर 15 मिनिटांचे एक एकक मिळवून त्या बेरजेला दराने गुणतात. ‘जामा’ या नियतकालिकातील 2012च्या अभ्यासानुसार, पचनमार्गाच्या दुर्बीण तपासण्यांत भूलसेवेचे प्रमाण 2003मध्ये सुमारे 14 टक्के होते. 2009पर्यंत ते 30 टक्क्यांवर गेले. यांपैकी दोन-तृतीयांशांहून अधिक सेवा कमी जोखमीच्या रुग्णांना दिल्या गेल्या आणि त्यांवरील टाळता येण्याजोगा खर्च वर्षाला 1.1 अब्ज डॉलर एवढा होता. भूलसेवेचे प्रमाण पश्चिमेकडील राज्यांत 13 टक्के, तर ईशान्येकडे 59 टक्के होते. आजाराच्या गरजेवरून एवढी तफावत पडत नाही. स्थानिक प्रघात, वेगळे मिळणारे शुल्क आणि दिवसभरात अधिक तपासण्या उरकण्याची सोय ही कारणे तिच्यामागे दिसतात. 2015पासून मेडिकेअर या मुख्यतः वृद्धांसाठीच्या सरकारी विमा योजनेने चाळणी तपासणीतील (लक्षणे नसताना केलेल्या तपासणीतील) भुलेचा रुग्णावरील वाटा माफ केला. रुग्णाचा भार हलका झाला, तरी खर्च विमा व्यवस्थेवर राहिलाच.

सुरक्षितता : भूलतज्ज्ञ हजर असला म्हणजे धोका आपोआप घटतो असे नाही. मेडिकेअरच्या रुग्णांवरील 2013च्या एका अभ्यासात पोटातील द्रव श्वासमार्गात जाऊन होणाऱ्या न्यूमोनियाचे प्रमाण भूलसेवेसह 0.14 टक्के, तर तिच्याविना 0.10 टक्के आढळले. हृदय-फुप्फुसांचा गंभीर विकार, निद्राश्वासरोध, अतिस्थूलता किंवा अफूजन्य औषधांची सवय असलेल्या रुग्णांसाठी मात्र भूलतज्ज्ञ मोलाचा ठरतो.

अन्य देश : नॉर्वेत अनेक तपासण्या गुंगीविना होतात. ब्रिटनमध्ये नायट्रस ऑक्साइड व ऑक्सिजन यांचे मिश्रण हुंगण्याचा पर्याय असतो. जर्मनीत प्रशिक्षित परिचारिकाही प्रोपोफॉल देतात. औषधांखेरीज, हवेऐवजी पाणी सोडत नळी पुढे नेल्यासही दुखणे कमी होते.

निरोगी व्यक्तीच्या नेहमीच्या तपासणीस सौम्य गुंगी बहुधा पुरेशी ठरते. म्हणून तपासणीची वेळ ठरवतानाच कोणते औषध, कोण देणार आणि त्याचे शुल्क वेगळे आहे का, हे तीन प्रश्न रुग्णाने विचारावेत आणि डॉक्टरांनी त्यांची स्पष्ट उत्तरे द्यावीत.