श्रीवर्धन

महाराष्ट्राच्या रायगड जिल्ह्यातील तालुक्याचे ठिकाण आणि अरबी समुद्राकाठचे छोटे गाव. मुरूड-जंजिरा उत्तरेस, तर सावित्री नदीच्या मुखाजवळचे हरिहरेश्वर दक्षिणेस. भट घराण्यातील पहिले पेशवे बाळाजी विश्वनाथ मूळचे इथले. घराण्याकडे श्रीवर्धनची देशमुखी होती, पण जंजिऱ्याच्या सिद्दीशी बिनसल्याने त्यांनी गाव सोडून घाट गाठला. मासेमारी जीवना बंदरातून चालते.

गावाची खरी दौलत म्हणजे वाड्या. घराच्या मागील दारी सुरू होणाऱ्या या बागा गुंठ्यांत मोजतात. वर नारळ, त्याखाली पोफळी म्हणजे सुपारीची झाडे, पोफळीवर चढवलेले मिरवेल आणि तळाशी केळी-जायफळ, अशी ती रचना. इथली रोठा सुपारी पांढऱ्या गरासाठी नावाजलेली आहे. कोकण कृषी विद्यापीठाचे सुपारी संशोधन केंद्रही येथे आहे.

३ जून २०२० रोजी दुपारी ‘निसर्ग’ चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेस रायगडच्या किनाऱ्यावर चढले. वाऱ्याचा वेग ताशी १०० ते ११० किमी होता, झोत १२० पर्यंत गेले. कौले, पत्रे उडाले, विजेचे खांब आडवे झाले. करोनाच्या टाळेबंदीत गाव कित्येक दिवस अंधारात राहिले. घरे पुढे शाकारता आली. वाड्यांचे तसे नव्हते. पोफळ उंच आणि सडपातळ, मुळे वरच्या थरातली, वाढीचा कोंब एकच आणि तोही शेंड्याला. शेंडा मोडला की झाड संपले. आंब्याप्रमाणे बुंध्याला नवी फूट येत नाही. ज्या पोफळी वाचल्या त्यांचेही हाल झाले. शेजारची झाडे गेल्यावर दुपारनंतरचे ऊन थेट खोडावर पडू लागते, साल भाजून तडकते आणि असे खोड पुढच्या साध्या वाऱ्यातही मोडते. त्यामुळे या वादळाचे नुकसान त्या एका दुपारच्या पंचनाम्यात मावणारे नव्हते.

मदतीचे मापही सुरुवातीला चुकले. फळबागांना हेक्टरी ५०,००० रुपये जाहीर झाले. हेक्टर म्हणजे सुमारे १०० गुंठे, तेव्हा दहा गुंठ्यांच्या वाडीवाल्याच्या पदरी जेमतेम ५,००० पडणार. वाडी दाट असते, तिची मोजदाद झाडांवर व्हायला हवी, ही बागायतदारांची तक्रार रास्त होती. पुढे सुपारीच्या झाडामागे ५० आणि नारळामागे २५० रुपये असा दर ठरला. माप सुधारले, रक्कम मात्र तुटपुंजीच म्हणावी लागेल: रोप लावल्यापासून सुपारी धरायला सहा-सात वर्षे जातात.

मे २०२१ मधील ‘तौक्ते’ वादळ कोकणचा किनारा न ओलांडता समुद्रातून उत्तरेकडे गेले, तरी कोकणपट्टीला त्याचा फटका बसलाच. पावसाळ्यातील उधाण नेहमीचे आहे. शिवाय सततच्या पावसात कोळेरोग पडून कोवळी सुपारी गळते. तो टाळण्यासाठी पाऊस लागण्याआधी शिपुटांवर, म्हणजे सुपारीच्या घडांवर, बोर्डो मिश्रण फवारतात.

नव्या लागवडीत आधी केळ लावतात, कारण पोफळीच्या कोवळ्या रोपाला ऊन सोसत नाही. केळीची सावली धरली की मगच रोपे खड्ड्यात उतरतात.