लग्नानंतरची पारख

जेन ऑस्टिनच्या कादंबऱ्यांचा शेवट लग्नाने होतो. पण तिचे सारे लक्ष लग्नाआधीच्या काळावर असते, कारण माणसाची पारख त्या काळातच होते. 'प्राइड अँड प्रेज्युडिस' (1813) मधली एलिझाबेथ विकमच्या गोड बोलण्याला भुलते, डार्सीला गर्विष्ठ ठरवते, आणि दोन्ही निवाडे चुकले हे तिला उशिरा उमगते. स्वभाव ओळखणे हाच ऑस्टिनच्या लेखी प्रेमाचा पाया. एकोणिसाव्या शतकातल्या महाराष्ट्रात मुलीला अशी पारख करायला सवडच नव्हती. अकराव्या वर्षी ती बोहल्यावर चढायची आणि नवरा कसा आहे हे पुढे आयुष्यभर शिकत राहायची. म्हणूनच मला वाटते, की ऑस्टिनने कादंबरीत केलेले काम मराठीत एका आत्मचरित्राने केले: लक्ष्मीबाई टिळकांच्या 'स्मृतिचित्रे'ने. आणि त्यातली निर्णायक पारख झाली ती नगर जिल्ह्यात.

1880 च्या सुमारास नारायण वामन टिळकांशी लक्ष्मीबाईंचे लग्न झाले. टिळक कवी होते, तापट होते, आणि हाती पैसा आला की तो दुसऱ्याच्या हाती देऊन मोकळे होत. फेब्रुवारी 1895 मध्ये मुंबईत त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला आणि संसार मोडला. त्यानंतरची चार-पाच वर्षे लक्ष्मीबाईंनी नातेवाइकांच्या आधाराने काढली. मग मुलाला घेऊन त्या नगरला आल्या. तिथल्या अमेरिकन मिशनच्या धर्मशिक्षणाच्या शाळेत टिळक शिकवत होते. पण आल्या म्हणजे लगेच नवऱ्याच्या घरात राहिल्या, असे झाले नाही. सोवळे आपले, चूल आपली, बिऱ्हाडही वेगळे. टिळकांनी ते मान्य केले. पुढे राहुरीला जातिभेद माणसांनीच केला आहे, असे लक्ष्मीबाईंच्या मनाने घेतले आणि 1900 साली त्यांनीही बाप्तिस्मा घेतला. धर्मांतराची हकिकत म्हणून हे प्रकरण नेहमी वाचले जाते. मला त्यात दोन प्रौढ माणसे एकमेकांना नव्याने पारखताना दिसतात. ऑस्टिनच्या 'पर्स्वेजन'मध्ये अ‍ॅन आणि वेंटवर्थ आठ वर्षांच्या दुराव्यानंतर नेमके हेच करतात.

यावर कोणी म्हणेल, निराधार बाईला परतण्यावाचून गत्यंतर काय होते? नवऱ्याकडे नांदायला नकार देणाऱ्या रखमाबाईंना न्यायालयाने 1887 मध्ये नवऱ्याकडे जा नाहीतर तुरुंगात जा, असे बजावले होते. त्या काळात निवडीची भाषा शोभते का? आक्षेप खरा आहे, पण पुरा नाही. पैशाची सक्ती ऑस्टिनच्या नायिकांवरही आहे. 'प्राइड अँड प्रेज्युडिस'मधली शार्लट लुकस कॉलिन्सशी लग्न करते ती चरितार्थाच्या काळजीनेच. शिवाय इथे कायदा उलट दिशेनेही उघडा होता. 1866 च्या कायद्याने ख्रिस्ती झालेल्या माणसाला, जोडीदार नांदायला तयार नसेल तर, न्यायालयातून आधीचे लग्न रद्द करून घेता येत होते. टिळकांनी तो मार्ग धरला नाही, ते वाट पाहत राहिले. आणि लक्ष्मीबाईंनी परतल्यावरही स्वतःच्या अटी सोडल्या नाहीत. ज्याला गत्यंतर नाही तो वेगळी चूल मांडत नाही. 'स्मृतिचित्रे' 1934 पासून प्रसिद्ध होऊ लागली, तोवर टिळकांना जाऊन पंधरा वर्षे झाली होती, तरी नवऱ्याचा राग, हट्ट, विसरभोळेपणा यांतले काहीच त्यांनी झाकले नाही. टिळकांचे अपुरे राहिलेले 'ख्रिस्तायन' हे काव्य पूर्ण करण्यासाठी 64 अध्याय लिहिले, तेही लक्ष्मीबाईंनीच.